ताकाला गेलेले भांडे

कुर्डुवाडी हे गाव बहुतेकांनी झोपेत पाहिलेले असते. मुंबईहून सोलापूरकडे निघालेली रात्रीची गाडी येथे थांबते, खिडकीखालून चहावाल्याची हाळी जाते, वरच्या फळीवरचे कोणीतरी 'कोणतं स्टेशन?' म्हणून विचारते, खालचे कोणीतरी कुशीवर वळत 'कुर्डुवाडी' म्हणते, आणि एवढ्यात गाडी हलते. जागेपणी हे गाव पाहण्याचा योग दोघांनाच येतो: ज्यांचे घर येथे आहे त्यांना, आणि ज्यांना येथे गाडी बदलायची आहे त्यांना.

गाडी बदलणे हाच पूर्वी या गावाचा धर्म होता. स्टेशनचे जुने नावदेखील 'बार्शी रोड', म्हणजे दुसऱ्या गावाला जाण्याचा रस्ता! १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची चिमुकली रेल्वे सुरू केली. पुढे तिचे फाटे पंढरपूर आणि लातूर येथपर्यंत गेले, आणि १९२७ साली ती मिरजेला पोहोचली. कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांना मोठ्या गाडीतून उतरून या लहान गाडीत कोंबून घ्यावे लागले. या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तो मार्ग रुंद झाला आणि लहान गाडी लोकांच्या आठवणीत जाऊन बसली. गाव मात्र आहे तेथेच आहे. पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना, आणि मध्ये माढे तालुक्याचे हे काळे-करडे माळरान. ज्वारीचा मुलूख, आणि पावसाची वाट पाहण्याचा मुलूख.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली असताना मी पंढरपूरला निघाले होते. पुढच्या गाडीला दोन-अडीच तास अवकाश होता. स्टेशनात बसून कंटाळण्यापेक्षा गावात एक चक्कर मारावी म्हणून बाहेर पडले. बाजारपेठेत आकाशकंदील लागले होते, आणि रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून एक म्हातारी कुंभारीण बसली होती. पुढे पणत्यांच्या राशी, बोळकी, धूपाटणी. मागे माठ, आणि एका बाजूला लहान गाडग्यांची उतरंड. शहरात हल्ली मातीचे गाडगे दिसले की ते शोभेचे असते, वर रंगाने नक्षी काढलेली असते. ही गाडगी मात्र कामाची होती. मी एक हातात घेऊन बोटाने वाजवून पाहिले.

"मावशी, हे दह्याला चालेल का?"

"चालंल की. पर एकदा दह्याला लावलं की दह्यालाच ठिवा, बाई. त्यात आमटी-बिमटी करू नगा."

"आणि चांगले घासून धुतले तर?"

म्हातारी हसली. "घासून वरचं जातं. आत गेल्यालं कसं जाईल? मडकं पितं, बाई."

मडके पिते! आपल्या घरातल्या बायकांना हे काही नवीन नाही. पणत्या आणल्या की त्या आधी पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर सगळे तेल त्याच पिऊन टाकतात, हे आपण आईकडून शिकलो. भाऊबिजेनंतर त्याच पणत्या कितीही धुतल्या तरी त्यांचा तेलकट काळपटपणा जात नाही, हेही दर वर्षी पाहतो. तांब्या-पितळेचे भांडे राखेने घासले की कालचे विसरते. मातीचे भांडे विसरत नाही. भाजलेल्या मातीला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. शिजणाऱ्या अन्नातली चरबी, तूप, तेल त्यांत शिरते आणि बाहेरच्या हवापाण्यापासून दूर तेथे दडून राहते. किती दिवस? त्या कुंभारणीला कोणी सांगितले असते तर तिचाही विश्वास बसला नसता. हजारो वर्षे!

गेल्या काही दशकांत पुरातत्त्वाच्या अभ्यासात जी एक नवी वाट पडली आहे, ती याच 'मडके पिते' या गोष्टीवर उभी आहे. उत्खननात मिळालेल्या खापराचा एक तुकडा घ्यायचा, त्याचा वरचा थर खरवडून टाकायचा, कारण त्याला शेजारची माती आणि माणसांचे हात लागलेले असतात. मग आतल्या भागाची पूड करायची. तिच्यातली स्निग्ध द्रव्ये रासायनिक द्रावणात उतरवून घ्यायची आणि यंत्राच्या साहाय्याने एकेक घटक वेगळा करून ओळखायचा. मेणाची खूण वेगळी, पालेभाजीच्या पानावरच्या मेणचट थराची वेगळी, मासळीची वेगळी.

पण गायीची चरबी आणि गायीचे दूध यांत भेद कसा करावा? दोन्हींत आम्ले तीच. याचे उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातले रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांचे सहकारी यांनी काढले. निसर्गातला कार्बन सगळा एका वजनाचा नसतो. बहुतेक बारा वजनाचा, थोडासा तेरा वजनाचा. स्टिअरिक नावाचे एक आम्ल गायीच्या चरबीतही असते आणि दुधातही असते. चरबीतले ते आम्ल गायीचे शरीर स्वतः घडवते. कासेला ते घडवता येत नाही, म्हणून दुधात ते चाऱ्यातून आलेले उतरते. त्यामुळे दोहोंतल्या जड कार्बनाचे प्रमाण किंचित निराळे पडते. एवढ्या केसभर फरकावरून हे लोक सांगतात की या मडक्यात मांस शिजत होते आणि त्या मडक्यात दूध तापत होते.

आपल्याकडे ताकाला जाऊन भांडे लपवणाऱ्याची थट्टा करतात. पदराआड लपवलेले भांडे शेजारणीला दिसत नाही असे त्या बिचारीला वाटत असते. पण भांडे स्वतः काही लपवीत नाही, असे आता म्हणायला हवे. आपण कशाला गेलो होतो ते ते पोटात ठेवते, आणि कोणी नीट विचारणारा भेटला की सांगून टाकते.

अशा जबाबांतून काय काय बाहेर आले आहे पाहा. २००८ साली एव्हरशेड यांच्या गटाने तुर्कस्थान आणि आसपासच्या प्रदेशांतली बावीसशेंहून अधिक खापरे तपासल्याचे जाहीर केले. इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकात तेथले लोक दूध भांड्यात घालून काही करीत होते, असे त्यांतून निघाले. पोलंडमध्ये सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांत भोके भोके असलेली खापरे सापडत. पीटर बोगुकी नावाच्या संशोधकाने १९८०च्या दशकात तर्क केला की ही चीज गाळण्याची चाळण असावी. लोकांना तर्क आवडला, पण पुरावा नव्हता. २०१३ साली त्या भोकांच्या खापरांतून दुधाची चरबी निघाली आणि तर्काचे प्रमाण झाले. आपल्या चक्क्याच्या फडक्याची ती दूरची थोरली बहीणच म्हणायची.

आपल्या देशातली कथाही सुरू झाली आहे. कच्छमधल्या कोटडा भडली या सिंधू संस्कृतीच्या लहानशा खेड्यातली ५९ खापरे कल्याण शेखर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यांतल्या २२ खापरांत दुधाचे अंश मिळाले. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी कच्छच्या त्या खेड्यात दूधदुभते होते. पुढे अक्षयेता सूर्यनारायण यांनी राखीगढीसह हरियाणा व उत्तर प्रदेश येथील सिंधू वस्त्यांतल्या १७२ खापरांचा अभ्यास केला. तेथे मात्र बहुतेक मांसाची चरबी निघाली आणि दुधाच्या खुणा थोड्याच. एकाच संस्कृतीतली ही घरे, पण एका प्रांताचे जेवण दुसऱ्या प्रांताला ठाऊक नव्हते! हरियाणातल्याच फरमाणा येथे भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर चिकटून राहिलेले पिष्टाचे कण तपासले, तेव्हा आले आणि हळद यांची ओळख पटली. आमटीला फोडणी कोणी प्रथम दिली हे सांगता येणार नाही, पण हळदीचा हात किती जुना आहे हे त्या कणांनी सांगितले.

या सगळ्याचा कुर्डुवाडीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध पाण्याचा आहे. कुर्डुवाडीच्या पश्चिमेला याच माढे तालुक्यात भीमेवरचे उजनी धरण आहे. त्या धरणाच्या कितीतरी वर, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदी वाहते. ती पुढे भीमेला मिळते आणि तिचे पाणी उजनीत येते. माढ्याच्या उसाला आणि डाळिंबाला आज जे पाणी मिळते, त्यात त्या घोड नदीचा वाटा आहे. त्या नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. महाराष्ट्रातल्या पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांचा संसार जितका तेथे उलगडला, तितका दुसरीकडे क्वचितच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला हंगामामागून हंगाम खणले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तेथे निघाली. सव्वाशेंहून अधिक घरांच्या जमिनी, चुली, धान्याची पेवे, कुंभाराची भट्टी, पुराचे पाणी अडवून वळवणारा बांध आणि पाट. येथली खास भांडी 'जोर्वे' पद्धतीची. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी ती प्रथम ओळखली गेली म्हणून हे नाव. चाकावर घडवलेली, तांबूस, वर काळ्या रंगाच्या रेघांची नक्षी, आणि इतकी खणखणीत भाजलेली की वाजवली तर धातूसारखी वाजतात. त्यांतला तोटीचा चंबू पाहिला की कुणाही गृहिणीला वाटेल, ही वस्तू आपल्या ओळखीची आहे.

इनामगावचा बहुतेक जबाब जळक्या दाण्यांनी आणि हाडांनी दिला. जे शिजले आणि खाल्ले ते गेले; चुलीत सांडून जे करपले ते कोळसा होऊन टिकले. डॉ. काजळे यांनी त्या करपलेल्या दाण्यांची ओळख पटवली. आपण धरून चालतो की भीमेच्या खोऱ्यातला माणूस म्हणजे ज्वारीची भाकरी खाणारा माणूस. जशी काळी माती तशीच भाकरी, दोन्ही जन्मापासूनच्या. इनामगाव सांगते की तसे नाही. त्यांचे मुख्य धान्य होते सातू, म्हणजे जव. जोडीला गहू, मसूर, कुळीथ. आणि तोंडात टाकायला बोरे. ज्वारीचे मूळ गाव आफ्रिका. ती पाहुणी म्हणून आली आणि या मातीत अशी रुळली की घरची मालकीणच झाली.

मग सातू कोठे गेला? मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला येथे आणखी एक खापर दिसते, ते शब्दाचे. संस्कृत कोशांत ज्वारीला 'यवनाल' म्हटले आहे, आणि यव म्हणजे सातू. 'जोंधळा' आणि 'ज्वारी' या शब्दांची कुळीही व्युत्पत्तिकार या यवाकडेच नेतात. नवे धान्य आले तेव्हा लोकांनी त्याला ओळखीच्या जुन्या धान्याचे नाव दिले. जुने ताटातून उठून गेले, पण नाव मागे ठेवून गेले. आपल्याकडचे 'सातूचे पीठ' घ्या. पुष्कळ घरांत ते भाजलेले गहू आणि डाळे यांचे करतात. त्यात सातूचा एक दाणा नसतो, तरी नाव सातूचेच! आणि देवाधर्मात पाहा: होमात जव, श्राद्धात जव, नवरात्रात घटाभोवती पेरण्याच्या धान्यांत जव. स्वयंपाकघर जे विसरले ते देवघराने धरून ठेवले. मडके तेल पिते, तशी भाषाही पिते.

येथवर गोष्ट गमतीची झाली. पण इनामगावच्या मडक्यांनी आणखीही काही पोटात ठेवले आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या गावात दोनशेंहून अधिक दफने मिळाली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती. मूल गेले की त्याला गावाबाहेर नेत नसत. घराच्याच जमिनीत खड्डा घेत. दोन मोठी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि त्यांच्या आत ते मूल निजवीत. शेजारी एखादा तोटीचा चंबू, एखादे वाडगे ठेवीत. वर पुन्हा जमीन सारवीत आणि तिच्यावर पुन्हा संसार चाले. ज्या मातीच्या भांड्यात आईने काल अन्न ठेवले, तसल्याच भांड्यात आज मूल ठेवायचे, आणि परके वाटू नये म्हणून पायाखाली, चुलीच्या जवळ ठेवायचे. त्या आईला लिहिता येत नव्हते. तिचे नाव नाही, तिची भाषा कोणती तेही सांगता येत नाही. पण त्या दोन मडक्यांची तोंडे जुळवताना तिने काय केले हे तीन हजार वर्षांनी आपल्यापुढे आहे, आणि ते कळायला कोणतीही लिपी वाचावी लागत नाही.

जर्मनीच्या बव्हेरियात जवळपास त्याच काळापासूनच्या लहान मुलांच्या थडग्यांत तोटी असलेली इवलीशी भांडी मिळाली. २०१९ साली त्यांच्या आतल्या अंशांची तपासणी झाली आणि निघाले जनावराचे दूध. ही बाळांना दूध पाजण्याची भांडी होती. आईचे दूध पुरत नसेल, किंवा आईच नसेल. कोणीतरी गायी-शेळीचे दूध त्या तोटीतून बाळाच्या ओठाला लावीत होते. बाळ वाचले नाही. ते बोंडले त्याच्याबरोबर दिले.

इनामगावचा शेवटही जीव गलबलून टाकणारा आहे. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास तेथली मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. धान्य घटले, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. सातशेच्या सुमारास गाव उठले. डॉ. ढवळीकरांनी याचे कारण पाऊस कमी होत गेला असे मांडले. पुढच्या संशोधकांनी या कारणाविषयी वाद घातला आहे. पण त्या उत्तरकाळातल्या मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा आहेत. पोटाला कमी पडले की ते प्रथम मुलांच्या हाडांना कळते. सोलापूर जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे अजून गावोगाव आहेत. घरातल्या कोणत्या दिवशी भांडे रिकामे होते हे बखरीत लिहिले जात नाही, शिलालेखात कोरले जात नाही. इतिहास राजांच्या दानपत्रांवरून लिहिता येतो. पण चुलीवर काय होते हे विचारायचे तर मडक्यालाच विचारावे लागते.

म्हणून या खापरांची काळजी वाटते. पूर्वी उत्खननात निघालेले खापर ब्रशने घासून स्वच्छ धुण्याची रीत होती, कारण नक्षी दिसायला हवी. आता काही खापरे मुद्दाम न धुता, बोटे न लावता, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कारण प्लॅस्टिकचेही अंश ते पिऊन घेते. कुंभारणीचे म्हणणे शास्त्रज्ञांनी असे शब्दशः पाळले आहे. पण उत्खननापर्यंत पोहोचण्याचे भाग्य किती थोड्या खापरांना लाभते! नदीकाठची पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. तिची माती शेतात खत म्हणून नेतात, ट्रॅक्टरने ती सपाट होते, विटभट्टीला जाते. तिच्यातली खापरे बांधावर फेकली जातात, कारण फुटक्या खापराची किंमत शून्य असे आपल्या म्हणी आपल्याला शिकवत आल्या आहेत. आपल्या शेतात किंवा गावी अशी रंगीत, खणखणीत खापरे दिसली तर ती वेचून, धुऊन, दिवाणखान्यात मांडू नयेत. आहेत तेथे राहू द्यावीत आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

पंढरपूरची गाडी सुटली तेव्हा दुपार कलली होती. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना उसाचे फड, मध्येच डाळिंबाची बाग, आणि जेथे पाटाचे पाणी पोहोचत नाही तेथे गुडघाभर वाढलेली ज्वारी. एका शेतात बाई खुरपत होती. बांधावर तिचे मूल सावलीला निजवलेले होते आणि उशाशी फडक्याने तोंड बांधलेले पाण्याचे मडके होते. समोरच्या बाकावरच्या आजींनी डबा उघडला आणि "घ्या बाई, आमच्या घरची हाय," म्हणत भाकरीची चतकोर माझ्या हातावर ठेवली. वर दही होते. मी ते निमूट घेतले. यवाचे नाव वागवणारी ती भाकरी चवीला अगदी ताजी होती.